योगासनातील साधनांचा आधार आणि क्रमिक अभ्यास : एक विवेचन

योगासने शिकविताना लाकडी वीट, पट्टा, दोरी, लोड, खुर्ची यांचा आधार घ्यावा, की शरीर आपल्या गतीने तयार होईपर्यंत थांबावे, याविषयी योगशिक्षकांत मतभेद आढळतात. साधने म्हणजे कुबड्या, असा एक आक्षेप आहे.

तथापि आधाराची कल्पना प्राचीन आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनासाठी कुश, मृगाजिन व वस्त्र यांची बैठक सांगितली आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात ‘सोपाश्रय’ हे आसन येते. वाचस्पती मिश्रांनी त्याचा संबंध योगपट्टाशी जोडला आहे. योगनरसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती दिसणारा पट्टा तो हाच.

आधुनिक काळात साधनांची शास्त्रशुद्ध मांडणी १९३७ मध्ये पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी केली. त्यांच्या ‘लाइट ऑन योग’ (१९६६) या ग्रंथातील बहुतेक छायाचित्रे साधनांविना आहेत, ही बाब लक्षणीय होय. रुग्ण व वृद्ध यांनाही आसनात पुरेसा काळ स्थिर राहता यावे, या गरजेतून साधने विकसित झाली. १९७५ मध्ये स्थापन झालेली पुण्यातील रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था त्यांचे केंद्र ठरली. नाशिकमध्ये विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये योग विद्या धामची स्थापना करून आसनांना पतंजलींच्या सूत्रांच्या अध्ययनाची जोड दिली. पतंजलींना आसनात स्थैर्य व सुख अभिप्रेत आहे आणि ते प्रयत्न शिथिल केल्याने साधते. क्रमिक अभ्यासाचा आधार हाच विचार होय.

पद्मासनाचे उदाहरण घेता येईल. त्यात मांडीचे हाड खुब्याच्या सांध्यात बाहेरच्या बाजूस वळावे लागते. खुबा ताठर असेल, तर तो पीळ गुडघ्यावर येतो. आणि गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकणारा सांधा आहे. अशा वेळी पाय ओढून मांडीवर ठेवणे यास नैसर्गिक प्रगती म्हणता येणार नाही, ती निव्वळ घाई ठरते. साध्या मांडीतही कंबर मागे कलत असल्यास बैठकीखाली सतरंजीची जाड घडी ठेवावी. पाठीचा कणा सहज उभा राहतो व श्वास मोकळा होतो. (पंगत जाऊन टेबल आले, तेव्हापासून ही घडी अनेकांना लागू लागली आहे.) मात्र खुबे मोकळे होतील तशी घडी पातळ होत गेली पाहिजे. निरोगी साधकाची घडी वर्षानुवर्षे तेवढीच राहत असेल, तर कुबडीचा आक्षेप तेथे रास्त ठरतो. वार्धक्य वा सांध्याचा विकार असल्यास हा निकष लावू नये.

महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१५ पासून २१ जून रोजी वर्षभर खुर्चीत बसणारे प्राध्यापक व कर्मचारी एकाच सकाळी वज्रासनात बसविले जातात. क्रमिक अभ्यासास तेथे अवकाशच नसतो. म्हणून निदान घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल, टाचा व बैठक यांमध्ये उशी आणि गुडघा दुखत असल्यास खुर्ची, एवढी सोय सभागृहात आधीच करून ठेवावी.