अब्बांच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला. मग ऑपरेशनआधी पेट स्कॅन कशासाठी?

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. तिथे कॅन्सर निघाला की घरात पहिला सवाल येतो, "ऑपरेशन कधी?" डॉक्टर मात्र पुष्कळदा आधी पीएसएमए पेट-सीटी लिहून देतात. त्यासाठी नागपूर गाठायचं तर चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर, सिरोंचा-अहेरीकडच्यांना तर त्याहून कितीतरी लांब. नुसत्या फोटोसाठी एवढी धावपळ का, असं वाटणारच.

पण इलाज ठरतो तो आजार कुठपर्यंत पोचलाय यावर. ग्रंथीतच असेल तर ऑपरेशन किंवा रेडिएशनने तो मुळातून बरा करण्याचा प्रयत्न होतो. हाडांत गेला असेल तर नुसतं ऑपरेशन पुरत नाही, हार्मोनची इंजेक्शनं आणि इतर औषधं लागतात.

प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला चिकटणारं औषध, सोबत किंचित किरणोत्सर्गी गॅलियम-६८, शिरेतून देतात. साधारण तासाभराने स्कॅन होतं आणि जिथे औषध जमलं ती जागा चमकते. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातला अभ्यास आला. जास्त धोक्याच्या ३०२ रुग्णांत या स्कॅनची अचूकता ९२ टक्के निघाली, जुन्या पद्धतीच्या सीटी आणि बोन स्कॅनची ६५ टक्के.

गॅलियमची ताकद दर ६८ मिनिटांनी निम्मी होते. म्हणून दिलेली वेळ पाळा. गाडी दोन तास उशिरा पोचली तर तुमच्यासाठी तयार केलेला डोस वाया जाऊ शकतो.

चिठ्ठीवर 'पीएसएमए' लिहिलंय ना, तेही पाहून घ्या. इतर कॅन्सरसाठी होणारा साखरेचा पेट वेगळा, प्रोस्टेटला तो सहसा तेवढा कामाचा नाही. त्याला उपाशी राहावं लागतं. पीएसएमएला साधारणपणे नाही, उलट पाणी भरपूर प्यायचं असतं. रमजानात तारीख आली तर लपवून रोजा धरू नका. आजाऱ्याला रोजा नंतर कझा करण्याची सवलत आहेच. स्कॅननंतर काही तास लहान मुलं आणि गरोदर बाईपासून थोडं अंतर ठेवायला सांगतात. नातवंडं धावत येतात, त्यांना आधीच समजावून ठेवा.

सगळ्यांनाच हे स्कॅन लागत नाही. पीएसए २० च्या वर, बायोप्सीत ग्रेड जास्त, किंवा गाठ ग्रंथीबाहेर आल्याचा संशय असेल तर त्याचा खरा फायदा. कमी धोक्याच्या आजारात बहुधा गरज नसते. हार्मोनचं इंजेक्शन सुरू करायचं ठरत असेल तर "स्कॅन आधी करायचं का?" हे जरूर विचारा, कारण इंजेक्शनने चित्र बदलू शकतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. रिपोर्टमध्ये बरगडीवर एखादा ठिपका लिहून येतो आणि घरात रडारड सुरू होते: "हाडात गेलं, आता काय उरलं?" बरगडीवरचा एकटा फिकट ठिपका बऱ्याचदा कॅन्सर नसतो, जुना मार किंवा हाडातला साधा बदलही चमकतो. अशा ठिपक्यावरून बरं होण्याची आशा सोडून इलाज बदलू नका. एमआरआय किंवा त्या जागेची बायोप्सी करून खात्री करता येते का, हे डॉक्टरांना विचारा. उलट, काही गाठी या स्कॅनमध्ये चमकतही नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला निघण्याआधीच विचारा. जाताना बायोप्सीचा कागद, सगळे पीएसए रिपोर्ट आणि जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत न्या.