फायबरची मासेमारी होडी : पारख आणि तुलना

मालवण, देवगड किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रवाशाला आज वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्यांत दोन जाती दिसतील. एक सागाच्या किंवा आंब्याच्या लाकडाची, तेल पिऊन काळवंडलेली; दुसरी गुळगुळीत, चकचकीत, निळ्या अथवा पांढऱ्या रंगाची. या दुसरीला मच्छीमार नुसते ‘फायबर’ म्हणतात. वस्तुतः ती केवळ तंतूंची नसते. काचेचे अत्यंत बारीक तंतू आणि त्यांना जखडून ठेवणारी कृत्रिम राळ, अशा दोन द्रव्यांचा तो संयोग होय. काचतंतू ताण सहन करतात. राळ त्यांना जागच्या जागी धरून ठेवते आणि पाणी बाहेर रोखते. एकट्या काचतंतूंचे कापड वाकते, एकटी राळ ठिसूळ असते. दोहोंच्या मिलाफाने मात्र एक उत्तम बांधकामद्रव्य सिद्ध होते. अमेरिकेत रे ग्रीन यांनी 1942 च्या सुमारास अशा द्रव्याची लहान होडी बांधली. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धती जगभर पसरली.

आपल्याकडे या होड्यांचा प्रसार होण्यास सबळ कारण होते. चांगले सागवान दुर्मीळ व महाग झाले. शिवाय लाकडाला समुद्रात एक शत्रू आहे. टेरेडो नावाचा, अळीसारखा दिसणारा, पण कालवांच्या कुळातला प्राणी लाकूड आतून पोखरतो. काचतंतूला तो काही करू शकत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 1957 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, स्वस्त लाकडावर काचतंतूचे आवरण चढवून होड्या बांधण्याचे प्रयोगही केले आहेत. 2004 च्या त्सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या संख्येने वाटण्यात आल्या. मागणी एकाएकी वाढली की बांधणीत घाई होते, आणि या द्रव्यात घाईचे दोष रंगाखाली बेमालूम झाकले जातात. ग्राहकाची खरी अडचण हीच आहे. लाकडाची गाठ, भेग, कीड डोळ्यांना दिसते. फायबरचा दोष दिसत नाही. होडी घेणारा बहुधा कर्ज काढून ती घेतो, आणि तिच्यात तो स्वतः व त्याचे दोन-तीन सोबती बसणार असतात. म्हणून दोन होड्यांची तुलना कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम बांधणी पाहू. होडीच्या आकाराचा एक साचा असतो. त्याच्या आतील पृष्ठावर आधी रंगीत राळेचा पातळ थर देतात. यास जेलकोट म्हणतात. त्यावर काचतंतूंचे थर ठेवून ते राळेने भिजवतात व रुळाने दाबून हवेचे बुडबुडे काढतात. काचतंतू दोन रूपांत मिळतात. आखूड तुकडे विस्कटून केलेली चटई म्हणजे मॅट, आणि जाड धाग्यांचे विणलेले कापड म्हणजे रोव्हिंग. मॅट राळ पुष्कळ पिते आणि पाणी चांगले रोखते. रोव्हिंग अधिक बळकट असते. सामान्यतः दोन्ही आलटूनपालटून वापरतात. विक्रेत्यास पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की तळाशी, बगलेला व काठाला किती थर आहेत आणि कोणत्या जातीचे. उत्तर देण्याची टाळाटाळ हेही एक उत्तरच आहे.

आता वजन. 25 मिलिमीटर जाडीच्या सागाच्या एक चौरस मीटर फळीचे वजन सुमारे 16 किलो भरते. 6 मिलिमीटर जाडीच्या तेवढ्याच फायबरचे सुमारे 9 किलो. हलकी होडी चार माणसे वाळूवर ओढू शकतात, इंधनही कमी लागते. परंतु येथे एक भूल पडते. फायबर बळकट असले तरी ताठ नसते. एखादा पत्रा किंवा फळी वाकण्यास जो विरोध करते, तो तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की ताठरपणा एक अष्टमांश उरतो. उलट, जाडी 6 वरून 8 मिलिमीटर केली, तर माल तिसऱ्या हिश्शाने वाढतो, ताठरपणा मात्र दुपटीहून अधिक होतो. शाळेतील विद्यार्थी जाड व पातळ अशा दोन पट्ट्या टेबलाच्या कडेवर ठेवून, टोकास समान वजन टांगून हे पडताळून पाहू शकतील. म्हणून पातळ कवच असल्यास आतून बरगड्या आणि लांबीच्या दिशेने पट्ट्या हव्यातच. ग्राहकाने होडीच्या तळावर गुडघा टेकून जोर द्यावा. तळ डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर होत असेल, तर लाटांच्या हजारो आघातांनी तेथेच चीर पडणार हे निश्चित.

केवळ वजनदार होडी चांगली असेही समजू नये. राळ सढळ हाताने ओतूनही वजन वाढवता येते. अशी होडी जड व ठिसूळ होते. याची परीक्षा सोपी आहे. पाणी काढण्याच्या बुचासाठी होडीला भोक पाडतात, तेव्हा एक चकती निघते. ती मागून घ्यावी, तोलावी आणि जाळावी. राळ जळून जाते, काच उरते. ती पुन्हा तोलावी. 20 ग्रॅमच्या चकतीतून 7 ग्रॅम काच उरली, तर प्रमाण 35 टक्के झाले. मॅटच्या कामात 30 ते 35 टक्के योग्य होय. रोव्हिंगची जोड असल्यास ते याहून बरेच अधिक हवे. जळताना निघणारा धूर विषारी असतो, तेव्हा हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या वरच्या अंगास उभे राहूनच करावे. चकतीच्या कडेवर थर व बुडबुडेही दिसतात. माझ्या मते विकत घेणाऱ्यास एवढी माहिती देणारा दुसरा पुरावा नाही.

स्थैर्याचा प्रश्न निराळा आहे. होडी आडवी कलंडू न देण्याचे मुख्य काम तिची रुंदी करते, आणि येथेही घनाचा नियम आढळतो. लांबी तीच ठेवून रुंदी पाव हिश्शाने वाढवली, तर पाण्याच्या पातळीवरील तिच्या आकारातून मिळणारे स्थैर्य जवळजवळ दुप्पट होते. दक्षिण कोकणातील अरुंद होडीला आपल्या पूर्वजांनी उलांडी जोडली ती याचसाठी. बाजूला तरंगणारा तो ओंडका रुंदीचेच काम करतो. लाकडी होडीचा साचा उचलून तीच होडी फायबरमध्ये उतरवली, तर ती हलकी असल्याने पाण्यावर अधिक उंच बसते, वाऱ्याने लवकर वाहते आणि झपाट्याने डुलते. दोन होड्या तोलून पाहताना त्या रिकाम्या पाहू नयेत. जाळे, बर्फ, इंधन आणि माणसे चढल्यावर काठ पाण्यापासून किती उंच राहतो, हे पाहावे. मासळीचा ढीग उंचावर रचला की गुरुत्वमध्य वर सरकतो, हे प्रत्येक तांडेल अनुभवाने जाणतो.

यानंतर जिवाचा प्रश्न येतो. लाकडाची होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते, व खलाशी तिला धरून राहू शकतात. फायबर पाण्याहून सुमारे दीडपट जड आहे. 300 किलो फायबरचे कवच पाण्यात बुडाले, तर ते 200 लिटर पाणी बाजूस सारते. म्हणजे 100 किलो भार उरतो व होडी तळ गाठते. त्यावर इंजिनाचा भार वेगळाच. यास उपाय म्हणजे बैठकीखाली आणि बगलांत बंद पेशींचा फोम भरणे. असा 100 लिटर फोम साधारण 95 किलो भार तोलून धरतो. तेव्हा वर सांगितलेल्या होडीत इंजिन आणि पाण्यात लोंबणारी माणसे धरून 200 लिटरच्या आत भागणार नाही. पुष्कळ होड्यांत या जागी नुसती पोकळ पेटी असते. तिला एक चीर गेली की तिचा उपयोग संपला. हा फोम आहे की नाही, हे झाकण उघडून स्वतः पाहावे. बाकी सारे समान असल्यास, थोडी महाग पण फोम असलेली होडीच घ्यावी.

इंजिनाविषयी थोडक्यात. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले, की पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीशी बांधलेला असतो. फुटांतील लांबीच्या वर्गमुळास 1.34 ने गुणले की नॉटमधील सुमारे मर्यादा मिळते. 25 फुटी होडीस 6.7 नॉट, म्हणजे ताशी साधारण 12 किलोमीटर. त्यापुढे मोठे इंजिन लावणे म्हणजे पैसा लाटा उठवण्यात घालवणे होय. होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत चालावी अशी तळाची घडण असेल, तरच हा नियम मोडतो. पण लादलेली मासेमारी होडी तसे क्वचितच करते. मागे टांगण्याचे इंजिन असल्यास मागच्या फळीत बहुधा प्लायवूड कोंडलेले असते. बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते, बाहेरून मात्र काहीच कळत नाही. जुनी होडी घेताना इंजिन उचलून हलवावे आणि फळी लचकते का ते पाहावे. लहान हातोडीने किंवा नाण्याने सर्व अंगावर टिचक्या माराव्यात. घट्ट भाग टणटण वाजतो; थर सुटलेला भाग बद्द आवाज करतो.

जेलकोटवर ताऱ्यासारख्या बारीक चिरा असतील, तर तेथे आघात झालेला आहे. पाण्याखालच्या भागावर फोड असतील, तर पाणी जेलकोटमधून झिरपून आतल्या विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिसळले आहे, आणि त्या द्रावाने पाणी ओढून दाब निर्माण केला आहे. एखादा फोड फोडून पाहिला, तर आंबट वासाचा द्रव निघतो. रापणीच्या होड्या रोज वाळूवर घासल्या जातात, त्यामुळे त्यांच्या कण्याखाली लाकडाची किंवा धातूची पट्टी हवी; ती नसल्यास जेलकोट झिजून काचतंतू उघडे पडतात.

शेवटी हवामान. राळ घट्ट होण्यास कोरडी हवा आणि माफक उष्णता लागते. काचतंतूंवर दमट हवेतील ओल बसली, की राळ त्यांना नीट चिकटत नाही. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या रिकाम्या असल्याने दुरुस्तीची आणि नव्या बांधणीची घाई नेमकी याच दिवसांत होते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात उतरावी अशी प्रत्येकाची इच्छा असते. बंद व कोरड्या कोठारात काम झाले असल्यास हरकत नाही. उघड्या मांडवाखाली, भर पावसात थर चढवले असल्यास मात्र त्या होडीवर विसंबता येत नाही. म्हणून कारखानदाराकडून होडी कोणत्या महिन्यात व कोठे बांधली, राळ कोणती वापरली आणि थर किती दिले, हे कागदावर लिहून व सही करून घ्यावे.