धानाची पावती आणि साखळीतली वही

धानकापणी आटोपली की भंडारा जिल्ह्यात आधारभूत खरेदी केंद्रांवर काटे लागतात. पोते काट्यावर चढते, आकडा नोंदवला जातो, शेतकऱ्याच्या हाती पावती पडते. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. म्हणजे नोंदीत ४२ क्विंटलचे ४० झाले, तर ४,७३८ रुपये गेले. वाद झाला की पावतीपेक्षा वहीचा शब्द वजनदार ठरतो, आणि वही ज्याच्या ताब्यात तोच ती बदलूही शकतो. ब्लॉकचेन या शब्दाभोवती बिटकॉइनने इतका धुरळा उडवला आहे, की तिचे मूळ काम त्यात झाकले जाते. एकदा लिहिलेली नोंद मागाहून गुपचूप बदलता येऊ नये, एवढेच ते काम.

साकोलीचा किंवा पवनीचा प्रोग्रामिंग शिकणारा एखादा कॉलेजकुमार जावास्क्रिप्टच्या पन्नासेक ओळींत हे करून पाहू शकतो. त्याला लागतो तो हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा. ‘शा-२५६’ नावाच्या गणिती कृतीत काहीही घाला, एक शब्द किंवा अख्खी पोथी, बाहेर ६४ चिन्हांचीच एक ओळ पडते. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी ती ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते, आणि त्या ओळीवरून मूळ मजकूर उलटा काढता येत नाही. यासाठी पूर्वी ‘क्रिप्टो-जेएस’सारखी लायब्ररी जोडावी लागे, आता ही सोय ब्राउझरमध्येच असते.

समजा, आपल्या विद्यार्थ्याने प्रत्येक खरेदीची एक नोंद केली: अनुक्रमांक, तारीख, वजन, आणि त्याखाली आधीच्या नोंदीचा ठसा. मग या सगळ्याचा मिळून नवा ठसा काढला. पुढच्या नोंदीत तो उतरतो, तिचा त्यापुढच्या नोंदीत. झाली साखळी. आता सातव्या नोंदीतले ४२ खोडून ४० करा. सातव्याचा ठसा बदलतो, आठव्या नोंदीत लिहिलेल्या ठशाशी तो जुळत नाही, आणि तपासणारा प्रोग्राम तिथेच अडतो.

पण इथे एक मोठी पळवाट आहे, आणि शिकवण्यांमधून ती बरेचदा घाईने उरकली जाते. ज्याच्याकडे अख्खी वही आहे तो सातव्यापासून शेवटपर्यंतचे सगळे ठसे नव्याने काढू शकतो. संगणकाला त्यासाठी क्षणही लागत नाही. मग साखळी पुन्हा धडधाकट दिसते. म्हणून निदान शेवटचा ठसा तरी अशा जागी हवा, जिथे वहीवाल्याचा हात पोहोचत नाही.

यावरचा एक जुना उपाय वर्तमानपत्राचा आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोन संशोधकांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर न बदलणारा काळाचा शिक्का मारण्याची पद्धत मांडली. पुढे १९९५ पासून त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. अंक हजारो घरांत गेला की तो ठसा कोण बदलणार? २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनने हेच काम जगभरच्या संगणकांवर सोपवले. प्रत्येकाकडे वहीची प्रत, आणि नवे पान जोडायचे तर सगळ्यांना मान्य असलेल्या नियमानेच.

विद्यार्थ्याची पुढची पायरी तीच. ‘एथर्स’ ही जावास्क्रिप्टची लायब्ररी त्याच्या वेबपानाला इथेरियमसारख्या सार्वजनिक साखळीशी बोलायला लावते. साखळीवर ठसा साठवणारा दहा-बारा ओळींचा करार चढवायचा आणि पानावरच्या बटणाने त्यात ठसा टाकायचा. खऱ्या साखळीवर प्रत्येक नोंदीला शुल्क पडते, म्हणून सरावासाठी ‘सेपोलिया’ हे चाचणी जाळे असते.

पूर्व विदर्भातच याचा प्रत्यक्ष वापर झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या साखळीच्या आधाराने देण्याचे काम ‘लेजिटडॉक’ या प्रणालीमार्फत हाती घेतले गेले. प्रमाणपत्राचा ठसा साखळीवर आणि कागदावर क्यूआर कोड. कोड तपासला की कागद मूळचाच आहे की नाही ते कळते. बनावट प्रमाणपत्रावर कोणी राखीव जागा घेतली, तर ती कुणा आदिवासी मुलाच्या वाट्याची असते. ती चोरी थांबवायला हे हत्यार शोभते. केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२४ मध्ये ‘विश्वस्य’ नावाची ब्लॉकचेन यंत्रणा सुरू केली. तिची एक जागा पुण्यात आहे.

एक खबरदारी मात्र पहिल्याच दिवशी शिकावी. शेतकऱ्याचे नाव, आधार क्रमांक असे काही सार्वजनिक साखळीवर टाकू नये. जे पुसता येत नाही ते चुकूनही पुसता येत नाही. नुसता आधारचा ठसाही धोक्याचा. बारा अंकी क्रमांकांची संख्या एक लाख कोटींच्या आतच आहे, आणि चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी ठसे काढते. सगळे क्रमांक तपासून तुमचा शोधायला त्याला तास दोन तासही लागायचे नाहीत. म्हणून ठसा काढण्याआधी मजकुरात लांबलचक गुप्त अक्षरे मिसळतात. जाणकार त्याला चक्क ‘मीठ’ म्हणतात.

आणि साखळी पहारा देते तो नोंद झाल्यानंतर. धानाचा ओलावा १७ टक्क्यांच्या आत असावा लागतो. यंत्रावर १६ दिसले आणि कोणी १८ टंकले, तर साखळी ते १८ तितक्याच निष्ठेने जपेल. काट्यातूनच वजन थेट प्रणालीत जायची सोय केली, तर मधला हात निघतो. मग प्रश्न उरतो काट्याचा. त्यावरचा वैधमापन विभागाचा शिक्का कधीचा आहे, हे केंद्रावर जाऊनच पाहावे लागते.