कोळशाचा पैसा आणि न्यायाधीशाची निवडणूक

२००४ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात टीव्हीवर एक प्रचार जोरात चालू होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायाधीश वॉरन मॅकग्रॉ पुन्हा निवडणुकीला उभे होते. लहान मुलावर अत्याचार करणाऱ्या एका गुन्हेगाराला त्यांनी मोकळे सोडले, असे जाहिराती सांगत होत्या. हा प्रचार करणारी संघटना मुलांच्या भल्याचे नाव घेऊन स्थापन झाली होती. आईबापांचे काळीज हलावे असाच सगळा मजकूर, आणि त्यात कोळशाचा उल्लेख कुठेही नव्हता.

पैसा मात्र कोळशाचा होता. मॅसी एनर्जी ही त्या भागातली बलाढ्य कोळसा कंपनी आणि डॉन ब्लँकेनशिप तिचे प्रमुख. उमेदवाराला थेट देणगी द्यायची कायदेशीर मर्यादा होती १,००० डॉलर. ब्लँकेनशिप यांनी तेवढी देणगी दिलीच, शिवाय या संघटनेला सुमारे २५ लाख डॉलर दिले आणि स्वतंत्र प्रचारावर आणखी पाच लाखांहून अधिक खर्च केले. मॅकग्रॉ यांच्या विरोधात चार्ल्स्टनचे वकील ब्रेंट बेंजामिन उभे होते. त्यांच्या बाकी सगळ्या समर्थकांनी मिळून केलेला खर्चही या एका माणसाच्या खर्चाएवढा भरला नाही. बेंजामिन ५३ टक्के मते घेऊन निवडून आले.

एवढा पैसा ओतण्यामागचे कारण दोन वर्षे आधीचे. ह्यू कॅपर्टन यांच्या हार्मन या छोट्या खाण कंपनीने मॅसीवर दावा लावला होता. कोळसा खरेदीचा दीर्घ मुदतीचा करार मॅसीने फसवणुकीने मोडला आणि आमचे दिवाळे निघाले, ही त्यांची तक्रार. ऑगस्ट २००२ मध्ये बून काउंटीतल्या ज्युरीने ती मान्य करून पाच कोटी डॉलरची भरपाई ठरवली. मॅसी अपिलात जाणार हे उघड होते, आणि ते अपील येणार होते याच सर्वोच्च न्यायालयापुढे.

कॅपर्टन यांच्या वकिलांनी बेंजामिन यांना विनंती केली की, या खटल्यातून आपण बाजूला व्हावे. ती मान्य करायची की नाही हे तिथल्या रिवाजाप्रमाणे बेंजामिन यांनीच ठरवायचे होते. त्यांनी नकार दिला. नोव्हेंबर २००७ मध्ये पाच कोटींचा निवाडा रद्द झाला, तोही ३ विरुद्ध २ अशा मतांनी. त्यानंतर दुसऱ्या एका न्यायाधीशाचे ब्लँकेनशिप यांच्यासोबत फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुट्टी घालवतानाचे फोटो बाहेर आले. ते न्यायाधीश बाजूला झाले, फेरसुनावणी झाली. बेंजामिन बसूनच राहिले. निकाल पुन्हा ३ विरुद्ध २.

प्रकरण वॉशिंग्टनला गेले. ८ जून २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की, बेंजामिन यांनी बाजूला व्हायलाच हवे होते. न्या. केनेडी यांच्या निकालपत्रात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, बेंजामिन यांच्या मनात खोट होती असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. खटला डोळ्यांसमोर असताना एका पक्षकाराने स्वतःचा न्यायाधीश निवडून आणण्यात एवढा वाटा उचलला, की पक्षपाताची शक्यता घटनेला सोसवणार नाही इतकी मोठी होते. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विरोधी मतपत्रात चाळीस प्रश्न विचारले: किती रक्कम म्हणजे फार, किती वर्षे हे ओझे राहणार, वगैरे. ते प्रश्न खोडसाळ नव्हते. प्रत्येक राज्याला त्यांची उत्तरे नियमांत लिहून द्यावी लागतील, असेच मी ते वाचतो.

अमेरिकेच्या पन्नासपैकी अडतीस राज्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मतदारांपुढे जावे लागते. सर्व न्यायाधीश निवडणुकीने आणणारे पहिले राज्य मिसिसिपी, वर्ष १८३२. न्यूयॉर्कने १८४६ मध्ये हा मार्ग धरल्यावर तर लाटच आली. ही पद्धत आणणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. १८३७ च्या आर्थिक संकटानंतर राज्ये कर्जात बुडाली होती आणि आमदारांवरचा विश्वास उडाला होता. गव्हर्नर आणि विधिमंडळाच्या मेहेरबानीवर न बसलेला न्यायाधीशच त्यांना अडवू शकेल, असा तो विचार होता. त्या पिढीला धास्ती होती ती सत्तेची, पैशाची नव्हे.

मतदारांचा धाकही लहान नसतो. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २००९ च्या एकमुखी निकालानंतर, पुढच्याच वर्षी आयोवात मतदारांनी तीन न्यायाधीशांना घरी पाठवले.

आपल्याकडे २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलताना अमेरिकेचे उदाहरण घेतले होते, पण ते सिनेटच्या संमतीचे. ती पद्धत किचकट आहे आणि तीत राजकीय दबाव शिरू शकतो, असे त्यांचे मत होते. नुसत्या संमतीबद्दल ज्यांना ही धास्ती वाटली, त्यांच्या मसुद्यात निवडणुकीला जागा नव्हती यात नवल नाही.

अमेरिकेत मात्र न्यायाधीशांच्या निवडणुकीतला पैशाचा बाजार पुढे वाढतच गेला. १ एप्रिल २०२५ रोजी विस्कॉन्सिनमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी निवडणूक झाली आणि खर्च सुमारे १० कोटी डॉलरवर गेला. इलॉन मस्क आणि त्यांच्या पैशावर चालणाऱ्या गटांनी उमेदवार ब्रॅड शिमेल यांच्यासाठी दोन कोटींहून अधिक ओतले. प्रतिस्पर्धी सुझन क्रॉफर्ड यांच्या बाजूच्या पक्षालाही अब्जाधीशांकडून लाखो डॉलर मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत मस्क यांच्या टेस्ला कंपनीने मोटारविक्रीच्या परवान्यावरून विस्कॉन्सिन राज्यावर खटला भरला होता. क्रॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. पैसा हरला म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण दोन्हीकडून एवढा पैसा आल्यावर कोणता पैसा हरला, हे कसे ठरवायचे?

निवडणूक ठेवायची की नाही, हे त्या त्या राज्यातल्या लोकांनी ठरवावे. परंतु देणगीदाराच्या खटल्यात बसायचे की नाही, हा निर्णय ज्या न्यायाधीशासाठी पैसा खर्च झाला त्याच्या हाती राहता कामा नये, आणि त्यासाठी रकमेची मर्यादा नियमात लिहिलेली हवी. विस्कॉन्सिनमधल्या ५४ निवृत्त न्यायाधीशांनी असाच नियम मागितला होता. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळली.