बर्फगाडीचा क्लच

चैत्राचे ऊन तापू लागले असता बर्फावर धावणाऱ्या गाडीची कथा सांगणे थोडे विक्षिप्त वाटेल. परंतु या स्नोमोबाइलच्या पोटात जी योजना आहे तीच आपल्या रस्त्यांवरील बिनगिअरच्या स्कूटरमध्येही आहे. आणि ती झिजली म्हणजे दुरुस्त करावी की बदलावी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच पडतो. फरक इतकाच की, पुण्यात स्कूटर अडली तर माणूस ती ढकलीत घरी आणतो. उत्तर कॅनडात वस्तीपासून दूर, उणे ३० अंशांत गाडी अडली, तर ते जिवावर बेतते.

या गाडीच्या इतिहासातही असाच एक प्रसंग आहे. क्वेबेक प्रांतातील व्हालकूर गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए यांचे गॅरेज होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बुजलेले. त्याला रुग्णालयात नेता आले नाही व तो दगावला. बर्फावरील वाहनाचे प्रयोग ते आधीपासून करीतच होते. ते त्यांनी नेटाने तडीस नेले आणि १९५९ मध्ये त्यांची 'स्की-डू' ही हलकी गाडी बाजारात आली.

आता क्लचकडे वळू. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर एक पुली, ट्रॅक फिरविणाऱ्या बाजूस दुसरी, आणि दोहोंवरून जाणारा जाड रबरी पट्टा, असा हा सारा संसार आहे. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर बसविलेल्या दोन उतरत्या तबकड्या. इंजिन मंद असते तेव्हा पहिल्या पुलीतील स्प्रिंग तबकड्यांना दूर ठेवते. पट्टा सैल राहतो. इंजिनाने वेग घेतला की आतील वजने, गोफणीतील दगडाप्रमाणे, बाहेर ओढ घेतात व स्प्रिंगवर मात करून तबकड्या जवळ आणतात. साधारणतः मिनिटास ३,००० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान पट्टा पकडला जाऊन गाडी हलते. पुढे तो पहिल्या पुलीवर कडेकडे चढतो व दुसरीवर आत उतरतो. हाच आपोआप होणारा गिअरबदल. चढ लागला की दुसऱ्या पुलीतील स्प्रिंग आणि मळसूत्री उतार तिच्या तबकड्या पुन्हा आवळून हे प्रमाण उलटे फिरवितात.

झीज कशी ओळखावी? गाडी सुटताना हिसका देते. इंजिन ओरडते पण वेग येत नाही. झाकणाखाली काळी पूड साठते. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. पुष्कळ लोक अशा वेळी पट्टा तेवढा बदलतात. हे ताप उतरवून रोग तसाच ठेवण्यासारखे आहे. पट्टा हा बहुधा गुन्हेगार नसतो, साक्षीदार असतो. नवा पट्टाही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो.

म्हणून क्लच उतरवून पाहावा. तो क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट रुतलेला असतो. त्या विशिष्ट क्लचसाठीचा पुलर लावूनच तो सोडवावा. हातोडा किंवा पहार लावल्यास तबकडी तडकते, शाफ्टही वाकतो. झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असल्याने ते हाताने धरून बोल्ट थोडे थोडे सैल करावे. सुटे करण्यापूर्वी भागांवरील खुणा पाहून ठेवाव्या, नसल्यास कराव्या. कारण सर्व भागांचा तोल एकत्र साधलेला असतो.

निर्णयाची कसोटी सोपी आहे. झीज लहान भागांत आहे की मूळ अंगात? बुश, रोलर, वजनांच्या पिना, थकलेली स्प्रिंग हे भाग मुळी झिजण्यासाठीच असतात. ते बदलावे आणि क्लच ठेवावा. परंतु तबकडीवर नखाला अडकेल अशी खाच पडली असेल, कोठे तडा असेल, किंवा निमुळते भोक खराब झाले असेल, तर काटकसर करू नये. मिनिटास हजारो फेऱ्या घेणारा क्लच फुटला तर त्याचे तुकडे माणसाच्या अंगावर येतात. याच कारणाने वरचे संरक्षक झाकण काढून गाडी पळवू नये.

जोडताना तबकड्या व शाफ्टचे टोक कोरडे, स्वच्छ असावे. तेलाचा हात लागला तरी पट्टा घसरतो. बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या मापानेच आवळावा. शेवटी दोन्ही पुल्यांची रेघ जुळते की नाही, हे पाहावेच. ती चुकली तर सारे श्रम वाया जातात.

एवढा खटाटोप कशासाठी? पेर्टी पेल्टो यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात फिनलंडमधील स्कोल्ट सामी लोकांची हकीकत दिली आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांतच त्यांच्याकडे रेनडिअरच्या घसरगाडीची जागा स्नोमोबाइलने घेतली. रेनडिअर घरच्या कळपातला होता. यंत्र, त्याचे सुटे भाग व पेट्रोल मात्र बाहेरून, रोख पैशाने आणावे लागले. वेग आला, तसे परावलंबनही आले. ते पूर्ण टाळता येत नाही, हे खरे; पण ज्याला क्लच उघडून त्याचे दुखणे कळते, तो काही अंशी तरी पुन्हा आपल्या गाडीचा धनी होतो. हे बर्फात जितके खरे, तितकेच आपल्या दारातल्या स्कूटरबाबतही खरे आहे, असे आम्हांस वाटते.