किरळ

वाशीच्या दाणाबाजारात मालदांडी ज्वारी ओंजळीत घेतली की मला मंगळवेढा आठवतो आणि त्यासोबत एक गाय.

१९८६ साली त्या तालुक्यात मी बँकेत नवा अधिकारी होतो. पीककर्जातला खताचा वाटा रोखीने मिळत नसे, पोत्यांनी उचलावा लागे. एक वयस्क शेतकरी म्हणाले, ‘सायेब, आमची ज्वारी जिमिनीतल्या वलीवर येती. वल संपली की युरिया कुनाच्या कामाचा?’ नियमावर बोट ठेवून मी त्यांना पोती उचलायला लावली. परतीच्या पावसाने पाठ फिरवली. कार्तिकात गुडघाभर वाढून मलूल झालेल्या ज्वारीत त्यांची गाभण गाय शिरली आणि थोड्याच वेळात कोसळली. ‘किरळ लागली,’ एवढेच ते म्हणाले.

किरळ म्हणजे नेमके काय, हे मला निवृत्तीनंतर वाचून कळले. (कादंबऱ्या सोडून हे काय वाचताय, असे घरात विचारले गेलेच.) नत्र हे झाडाचे भांडवल. मुळे ते बहुतांशी नायट्रेटच्या रूपात, पाण्यातून शोषतात. माती सुकली की पुरवठा आटतो. पानांची रंध्रे मिटतात. नायट्रेट पचवणारे नायट्रेट रिडक्टेज हे विकर मंदावते. वाढ थांबते, पण झाड स्वस्थ बसत नाही. काही नत्र ते प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लात घालते. पेशीत प्रोलीन साठले की तिला पाणी धरून ठेवता येते आणि पाऊस पडला की तेच प्रोलीन मोडून वाढीला वापरता येते. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, मुदत ठेव! दाणा भरताना तर जुनी पाने आपला नत्र कणसाकडे पाठवून वाळून जातात.

ज्वारीची आणखी एक ठेव मात्र जहरी आहे. तिचे नाव धुरिन. कोवळ्या ज्वारीत ते असतेच. पाण्याचा ताण पडला की वाढते आणि नत्रखत दिलेले असेल तर आणखी वाढते. जनावराने पान चावले की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले आहे की हेच धुरिन विष न सोडता मोडून त्यातला नत्र झाड परत वापरू शकते. राखणदारही तेच आणि कोठारही तेच. पीक पक्व होत जाते तसे ते कमी होते. तयार दाण्यात नसल्यासारखेच, तेव्हा भाकरी निर्धास्त खावी.

गाय एकट्या युरियाने गेली, असे मी म्हणणार नाही. पण त्या पोत्यांच्या पावतीवर सही माझी होती.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा बातमी वाचून मला त्या शेतकऱ्याचे अंगण आठवले. त्यांनी कर्ज फेडले, युरियाच्या पोत्यांसकट. दुसऱ्या गाईसाठी कर्ज मागायला ते आले नाहीत आणि मीही कधी विचारले नाही.