भूदृश्यरचनेचे विद्यार्थी आणि किल्लारीची जमीन

बाग ही शोभेची वस्तू आहे, असा सुशिक्षित घरांतील सर्वसाधारण समज आहे. घर बांधून पुरे झाले, रंगसफेदी झाली, वास्तुशांतीची तिथी ठरली, की मग अंगणाची आठवण होते. माळ्यास बोलावणे जाते, चार कुंड्या येतात आणि हिरवळीचा एक तुकडा पसरला जातो. ज्या विद्येस इंग्रजीत 'लँडस्केप आर्किटेक्चर' व मराठीत भूदृश्यरचना म्हणतात, ती या माळीकामाचेच काहीसे खर्चिक रूप असावे, अशी पुष्कळांची समजूत असते. मुलाने वा मुलीने पदवीनंतर या विषयाचे उच्च शिक्षण घेण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर 'इतके शिकून शेवटी झाडेच लावायची काय?' असा प्रश्न वडीलधारी मंडळी करतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर पुण्यामुंबईच्या एखाद्या सुंदर उद्यानात शोधण्यापेक्षा लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, किल्लारीच्या जमिनीवर शोधणे अधिक उचित होईल.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे नुकतीच निजली होती. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. ती जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने फार नव्हे. तथापि धक्क्याचा उगम जमिनीखाली अल्प खोलीवर होता, आणि घरे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती. त्यांवर माळवदाचा मोठा भार होता. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि बावन्न गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसविली. कुटुंबाच्या जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. घर किती फुटांचे, हा प्रश्न अशा रीतीने सुटला. परंतु घर आणि गाव या दोन निराळ्या वस्तू आहेत, ही गोष्ट त्यानंतर हळूहळू प्रत्ययास येऊ लागली.

मराठवाड्यातील शेतकरी भूमीचे दोन भाग मानीत आला आहे. एक काळी, म्हणजे पिकाची जमीन. दुसरी पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन. काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर भिंत नीट उभी राहत नाही, आणि पीक मात्र उत्तम येते. म्हणून गावठाण थोड्या उंचवट्यावर, पाणी वाहून जाईल अशा जागी असावे आणि काळी शेतीसाठी मोकळी राहावी, हा संकेत पिढ्यान् पिढ्या पाळला गेला. गावात वाड्यास वाडा लागलेला, मध्ये अरुंद गल्ली, दाराशी ओटा, वेशीजवळ पार, आड किंवा बारव, ओढ्याच्या काठी पाणवठा आणि पलीकडे गायरान. हा आराखडा कोणी कागदावर काढलेला नव्हता. तरी त्यात पाण्याचा उतार, वाऱ्याची दिशा, उन्हाची तिरीप आणि माणसांची ऊठबस या साऱ्यांचा हिशेब होता.

नवी गावे वसविताना हा हिशेब बव्हंशी बाजूस राहिला. सरळ, काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, सारख्या मापाचे भूखंड आणि मोकळी मैदाने, असा शहरी वसाहतीचा नमुना सर्वत्र घालण्यात आला. गावाचा विस्तार कितीतरी पट वाढला आणि अनेकांची शेते दूर पडली. यात दोष केवळ योजकांचा होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती कोसळून माणसे गाडली गेली होती; वाचलेल्यांच्या मनात दगडाची आणि दाटीची धास्ती बसली होती. रुंद रस्ता त्यांनाही हवा होता. तंबूत व पत्र्याच्या निवाऱ्यात राहणाऱ्या हजारो कुटुंबांना लवकरात लवकर छप्पर देणे हे कर्तव्यही होतेच. तथापि रुंद रस्त्याची किंमत कोणत्या नाण्यात मोजावी लागते, हे सांगणारा जाणकार त्या वेळी आराखड्याच्या मेजाशी असणे अगत्याचे होते.

ही किंमत साध्या गणिताने कळते. किल्लारी सुमारे अठरा अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्ही सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच राहते. दुपारी चारच्या सुमारास तीन मीटर उंचीच्या भिंतीची सावली साधारण चार मीटर लांब पडते. दक्षिणोत्तर जाणारी जुनी गल्ली तीन मीटर रुंद असेल, तर ती या वेळी पूर्णपणे सावलीत येते. म्हाताऱ्या बायका ओट्यावर येऊन बसतात, मुले खेळू लागतात. तोच रस्ता बारा मीटर रुंद केला, तर त्याचा दोन-तृतीयांश भाग उन्हात तापत राहतो. मग सावली देण्यास दुसरा उपाय एकच उरतो, तो म्हणजे वृक्ष. रुंद रस्ता आखावयाचा आणि त्याच्या दुतर्फा कडुलिंब, चिंच, करंज यांची ओळ लावून ती जगविण्याची व्यवस्था करावयाची नाही, म्हणजे सुरक्षितता देऊन निवारा काढून घेण्यासारखे आहे. या ठिकाणी झाड हे शोभेचे राहत नाही. ते गावाच्या बांधकामाचाच एक भाग ठरते.

पाण्याचे गणितही असेच आहे. एक हेक्टर जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर अडीच लाख लिटर पाणी पडते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. त्या गाडीच्या पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. म्हणजे दोन हेक्टर जमिनीवर एका चांगल्या सरीत जेवढे पाणी पडते, तेवढेच! अर्थात पडलेले सगळे पाणी हाती लागत नाही. काही मुरते, काही उडून जाते. परंतु गावाचे रस्ते, गटारे, मैदाने आणि ओढे यांचा उतार कसा ठेवला आहे, यावर त्यातील किती थांबणार आणि किती मातीसह वाहून जाणार, हे ठरते. उतार चुकीचा पडला, तर त्याची दुरुस्ती पुढच्या पिढ्यांना करावी लागते.

भूदृश्यरचना म्हणजे काय, याचे उत्तर आता देता येईल. इमारतीच्या बाहेर जी जमीन उरते, तिचा उतार, माती, पाणी, झाडझाडोरा, वाटा आणि माणसांचा वावर यांचा एकत्र विचार करून तिची योजना करणारी ही विद्या आहे. तिच्या विद्यार्थ्यास समोच्च रेषांचे नकाशे वाचावे लागतात, मातीची परीक्षा करावी लागते, वनस्पतींची वाढ व त्यांच्या मुळांचा पसारा जाणून घ्यावा लागतो, आणि गावकऱ्यांशी बोलून त्यांच्या सवयी टिपाव्या लागतात. वास्तूचा आराखडा पुरा झाला की वास्तू पुरी होते. येथे मात्र जे रेखाटले त्याचे खरे रूप वीस-तीस वर्षांनी दिसते. काळ हेच या विद्येचे मुख्य साहित्य होय.

एवढे निरनिराळे ज्ञान एका माणसात जन्मतः असणे शक्य नाही. म्हणूनच या विद्येच्या इतिहासात नाना वाटांनी आलेली माणसे आढळतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ मध्ये स्पर्धेत निवडला गेला, तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या दोघांचा होता. वॉक्स वास्तुविशारद होते. ओल्मस्टेड यांनी मात्र त्यापूर्वी जहाजावर उमेदवारी केली होती, शेती केली होती आणि वृत्तपत्रासाठी प्रवासवर्णने लिहिली होती. याच विषयाचा स्वतंत्र पाठ्यक्रम हार्वर्ड विद्यापीठात १९०० साली सुरू झाला. १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविणारे पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. हिंदुस्थानातील अनेक नगरांची पायी पाहणी करून, जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा जेथे दुखते तेथेच नेमका उपचार करावा, असे त्यांनी प्रतिपादिले. आधी पाहणी, मग योजना, हा त्यांचा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवा करून हार्वर्डला शिकण्यास गेलेले स्कॉटलंडचे इयन मॅकहार्ग यांनी १९६९ मध्ये 'डिझाइन विथ नेचर' हा ग्रंथ लिहिला आणि माती, पाणी, उतार, वनस्पती यांचे नकाशे एकावर एक ठेवून, कोठे वस्ती करावी व कोठे करू नये, हे ठरविण्याची पद्धती रूढ केली. काळी आणि पांढरी यांचा विवेक करणारा मराठवाड्यातील शेतकरी हेच काम नकाशावाचून करीत होता, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

भारतात दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्थेत १९७२ पासून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले. अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, पुण्यातील महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे भानुबेन नानावटी वास्तुकला महाविद्यालय, अशा ठिकाणीही हा पाठ्यक्रम चालतो. शिक्षण साधारणतः दोन वर्षांचे असते आणि अखेरीस विद्यार्थ्यास एका प्रत्यक्ष जागेवर प्रबंध सिद्ध करावा लागतो. तथापि आपल्या देशात प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी वास्तुकलेची पदवी मागितली जाते. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत दोन वाटा ठेविलेल्या आहेत: रचनाशास्त्राची पदवी असणाऱ्यांसाठी तोकडा पाठ्यक्रम, आणि इतर कोणत्याही विषयाच्या पदवीधरांसाठी सुमारे तीन वर्षांचा, ज्यात रेखाटनापासून सारे मुळातून शिकविले जाते. आपल्याकडे कृषी विद्यापीठांत उद्यानविद्येच्या पदव्युत्तर शाखेत पुष्पशेतीबरोबर भूदृश्य हा विषय आहे खरा. परंतु तेथील विद्यार्थी आणि वास्तुकलेच्या महाविद्यालयातील विद्यार्थी यांची गाठ क्वचितच पडते. एकाच घराला दोन दारे असावीत आणि आतली भिंत मात्र चिणलेली असावी, तशी ही अवस्था आहे.

या भिंतीने काय हानी होते, ते किल्लारीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, अशा एका पुनर्वसित गावी पाच विद्यार्थी आले. वास्तुविशारदास आराखडा अचूक काढता येतो, अंतरे आणि उंची यांचे भान त्यास असते. पण रोपाचा वृक्ष होण्यास लागणारा काळ त्याच्या कागदावर नसतो. कृषी पदवीधरास काळ्या मातीत कोणते झाड तग धरील हे ठाऊक असते. पण चौकाची रचना कशी असावी, याचा विचार त्याने केलेला नसतो. स्थापत्य अभियंता उतार बिनचूक काढील. मात्र पाणी म्हणजे लवकरात लवकर बाहेर घालविण्याची वस्तू, अशी सवय त्याच्या हातास जडलेली असते. भूगोलाचा विद्यार्थी ओढ्याचा उगम व त्याची धाव जाणील, आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी पार नसलेल्या गावात पंचमंडळी बसतात कोठे, हे विचारील. पाचांपैकी एकाचेही उत्तर पुरे नाही. पाचांची मिळून होणारी चूक मात्र एकट्याच्या चुकीपेक्षा पुष्कळ लहान असेल.

मराठवाड्यापुरता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. परभणीस १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी दुष्काळ पाहिलेला असतो, माळवदाच्या घरात त्यांचे बालपण गेलेले असते, आणि जमिनीची नाडी त्यांच्या हाताला कळते. अशा विद्यार्थ्यास रेखाटनाचे एक वर्षाचे पूर्वशिक्षण देऊन या अभ्यासक्रमात घेतले, तर अभ्यासक्रमाची प्रतिष्ठा कमी होण्याचे कारण नाही. उलट, धरणासाठी, रस्त्यासाठी किंवा पुढच्या एखाद्या आपत्तीनंतर जेव्हा पुन्हा गावे उठवावी लागतील, तेव्हा त्या गावांची भाषा बोलणारा एक तरी योजक आराखड्याच्या मेजाशी बसलेला असेल.

स्थलांतरित गावांतील लोक कोणाची वाट पाहत थांबले नाहीत. कालांतराने त्यांनी आपापल्या सोयीप्रमाणे घरास पडव्या जोडल्या, दाराशी झाडे लावली. नव्या जागी राहावयास आल्यावर पहिल्या पावसाळ्यात कोणी लावलेला आणि घागरीने पाणी घालून जगविलेला कडुलिंब आता भर वयात आला असेल. त्याच्या सावलीत भूकंप न पाहिलेली पिढी बसत असेल. 'शेवटी झाडेच लावायची काय?' या प्रश्नाचे उत्तर त्या सावलीत आहे. होय, झाडेच लावावयाची. पण कोठे, कोणती, कोणासाठी आणि कोणत्या पाण्यावर, हे आधी शिकून लावावयाची.